फ्रँकलिन नदीकाठची जंगलवाट: व्हीलचेअरवरून पाहिलेलं टास्मानियाचं वर्षावन

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर निघालेल्या ओळखीच्या मंडळींना मी हल्ली हमखास एक जागा सुचवतो. ती बऱ्याच जणांच्या यादीत नसते, कारण तिथे मोठा धबधबा नाही, समुद्रकिनारा नाही आणि फोटोत ओळखू येईल असा डोंगरही नाही. हायवेच्या कडेला गाडी लावायची आणि जेमतेम किलोमीटरभराचा फेरा मारून परत यायचं. पाटीवर वीस-पंचवीस मिनिटांची वाट असं लिहिलेलं असतं. ती आहे फ्रँकलिन नदीकाठची, लायल हायवेवरची 'फ्रँकलिन रिव्हर नेचर ट्रेल'. घरात कोणाचे गुडघे गेले असतील, कोणी काठी घेऊन चालत असेल किंवा आमच्यासारखी व्हीलचेअर सोबत असेल, तर टास्मानियात इतर काही राहिलं तरी चालेल, ही वाट चुकवू नका.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. कराड, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यातले रस्ते, मोऱ्या, घाटातल्या संरक्षक भिंती यांत हयात गेली, त्यामुळे कुठलीही वाट दिसली की नजर आधी उताराकडे आणि पाण्याच्या निचऱ्याकडे जाते. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू बरीचशी सावरली, पण दहा-वीस पावलांपुढे चालणं होत नाही. मुलगा-सून होबार्टला, टास्मानियाच्या राजधानीत असतात, त्यांच्याकडे आम्ही राहायला आलो होतो. म्हणजे मी या वाटेकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं: वाट बांधणारा म्हणून आणि खुर्ची ढकलणारा म्हणून.

खुर्ची घेऊन फिरणाऱ्यांना एक अनुभव सगळीकडे येतो. 'व्हीलचेअरची सोय आहे' म्हणतात तिथे बहुतेक वेळा पार्किंगजवळ एक फरसबंद चौथरा असतो, त्याला कठडा, आणि तिथून लांबचं काहीतरी दिसतं. बाकीचे पायऱ्या उतरून खाली जातात, तासाने परत येतात आणि आपल्याला फोटो दाखवतात. ही कधी तक्रार करत नाही, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे" एवढंच म्हणते. ते वाक्य मला नको झालंय. या वाटेवर ते म्हणायची वेळ तिच्यावर आली नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी जायचं कसं ते सांगतो, कारण त्या रस्त्याशिवाय ही वाट नीट कळत नाही. होबार्टहून लायल हायवेने पश्चिमेला निघायचं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण वळणांमुळे तीन तास धरून चाला. पहिला टप्पा अगदी कोरडा आहे. फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, हॅमिल्टन आणि आउझच्या आजूबाजूला गवत पिवळं पडलेलं आणि त्यात मेंढ्या. मग टॅरालिआ लागतं. डोंगरावरून थेट खाली वीजघराकडे उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर पाहिलेल्या माणसाला इथे काय चाललंय हे सांगायला लागत नाही. टॅरालिआचं वीजघर 1938 सालचं आहे. टास्मानियाचा बराचसा संसार जलविद्युतेवर चालतो, आणि हे डोक्यात ठेवा, पुढे नदीच्या गोष्टीत ते कामाला येईल.

डर्वेंट ब्रिज नावाच्या छोट्या वस्तीत थांबून खाऊन घ्या. पुढे क्वीन्सटाउनपर्यंत काही मिळत नाही. आम्ही पोळी-भाजी, दही आणि थर्मासमध्ये चहा घेऊन निघालो होतो.

डर्वेंट ब्रिज सोडल्यावर थोड्याच वेळात किंग विल्यम सॅडल नावाची खिंड येते, आणि इथे देश बदलतो. अलीकडची जमीन डोलेराइटची. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा नातेवाईकच तो, पण वयाने थोरला: सुमारे अठरा कोटी वर्षांचा. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. खिंडीच्या पलीकडे मात्र फार जुना, पांढुरका क्वार्टझाइट खडक सुरू होतो. पाऊसही इथेच बदलतो. दक्षिण गोलार्धात या अक्षांशांवर पश्चिमेकडून सतत वारा वाहत असतो आणि दक्षिण अमेरिकेपासून टास्मानियापर्यंत त्याला अडवायला जमीन अशी नाहीच. तो सगळा ओलावा या डोंगरांवर येऊन आपटतो. खिंडीच्या अलीकडे आमच्या गाडीच्या काचा कोरड्या होत्या, उतार लागला तशी भुरभुर सुरू झाली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमचं पाटण आलं."

तरी पाटणचा पाऊस वेगळा आणि हा वेगळा, आणि या जंगलाचं इंगित त्या फरकात आहे. कोयनेला पाच हजार मिलिमीटर पडतो, पण चार महिन्यांत. मग पुढचे आठ महिने झाडांनी कसेबसे निभवायचे. आमच्याकडे श्रावणात दगडावर बोटभर शेवाळ असतं आणि संक्रांतीपर्यंत त्याचा भुगा होतो. टास्मानियाच्या पश्चिम भागात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या निम्मा, पण बाराही महिने वाटून. हवा थंड, त्यामुळे पडलेलं पाणी लवकर उडूनही जात नाही. असं थंड हवेतलं वर्षावन जगात मोजक्या ठिकाणी आहे: चिलीचा दक्षिण भाग, न्यूझीलंड, उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि हे. उन्हाळा भरात असताना इथलं शेवाळ पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं होतं.

आता वाटेबद्दल. फ्रँकलिन नदीवर हायवेचा पूल आहे, त्याच्याजवळच गाडी लावायला जागा आहे आणि बसून खायला बाकं-टेबलं. तिथून वाट सुरू होते ती लगेच झाडीत शिरते.

मी पहिल्यांदा वाकून वाटेचा पृष्ठभाग पाहिला. बारीक खडी आणि माती यांचं मिश्रण, चांगलं दाबलेलं. ओला दिवस होता तरी चाक रुतत नव्हतं. हे दिसतं तितकं सोपं नाही. मुरमाची वाट जंगलात टिकवायची तर पाणी वाटेवर थांबता कामा नये आणि वाटेवरून लांब वाहताही कामा नये, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बारीक माती धुऊन जाते आणि उघडी खडी उरते. मग त्यावर माणूस चालू शकतो, खुर्ची नाही. म्हणून वाट मध्ये किंचित उचललेली किंवा एका अंगाला किंचित कललेली ठेवावी लागते. पण तो कलही जास्त झाला तर खुर्ची सारखी खालच्या बाजूला ओढते आणि ढकलणाऱ्याचं एक मनगट कामातून जातं. हा समतोल साधणं हीच कारागिरी. इथे तो साधलाय. संबंध फेऱ्यात माझ्या मनगटाला कुठे ओढ लागली नाही.

उताराचंही तसंच. आपल्याकडे व्हीलचेअरच्या रॅम्पला एकास बारा उतार चालतो, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ. ऑस्ट्रेलियात एकास चौदा धरतात, आणि रॅम्प न म्हणता साधी चालवाट म्हणायची तर एकास वीसपेक्षा सौम्य लागते. मी लेव्हल लावून मोजायला गेलो नव्हतो. पण सत्तरीचा माणूस पासष्ट किलोचं माणूस बसवून बोलत बोलत ढकलू शकतो, याचा अर्थ आखणी करणाऱ्याने जमिनीच्या चढउताराशी भांडण न करता वाट फिरवून नेलेली आहे. सरळ रेषेत नेली असती तर लांबी कमी झाली असती आणि पायऱ्या आल्या असत्या. आखणीला चार दिवस जास्त घालवले की पुढच्या पन्नास वर्षांत पायऱ्या लागत नाहीत, हे मी कनिष्ठ अभियंत्यांना सांगत आलो. इथे ते जमिनीवर उतरलेलं पाहिलं आणि फार बरं वाटलं.

अवघड जागा कुठे नाही असं नाही. ऊबदार कपडे घातलेला माणूस खुर्चीत बसला की कडेच्या नेच्याची पानं गुडघ्यांना लागतात, कपडे ओले होतात. मांडीवर टाकायला पाणी न शोषणारं काहीतरी घ्या. आम्ही जुना रेनकोट उलटा टाकला होता.

आणि मग जंगल. इथे मी रेंगाळणार, कारण आम्हीही रेंगाळलो. वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला तासाच्या वर लागला.

पहिली गोष्ट जाणवते ती निलगिरीचा वास नसणं. ऑस्ट्रेलिया म्हटलं की निलगिरी, आणि हायवेभर त्यांचीच गर्दी असते. वाटेवर आत शिरलं की ती मागे पडतात. निलगिरीला नवं रोप धरायला उघडी जागा लागते, ऊन लागतं, आणि तशी जागा बहुतेक वेळा वणव्याने मिळते. वर्षावनाचं गणित उलटं. इथल्या झाडांना वणवा सोसत नाही. तीन-चारशे वर्षं आग लागली नाही तर निलगिरी म्हातारी होऊन पडते, तिच्या सावलीत वाढलेली झाडं तिची जागा घेतात आणि पूर्ण वर्षावन तयार होतं. म्हणजे अशा झाडीत उभं राहणं म्हणजे शेकडो वर्षं आग न शिवलेल्या जागेत उभं राहणं. 2016 आणि 2019 साली टास्मानियाच्या रानात कोरड्या विजा पडून मोठे वणवे लागले होते, हे माहीत असलं की इथल्या ओलाव्याकडे पाहायची दृष्टी बदलते.

मुख्य झाड म्हणजे मर्टल बीच. उंचच उंच, पण पान केवढं, तर करंगळीच्या नखाएवढं, कडेला बारीक दाते असलेलं. एवढ्या थोराड झाडाला एवढंसं पान! त्या बारीक पानांच्या थरांमधून खाली येणारा उजेड हिरवट होतो. या झाडाच्या कुळाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. याचे भाऊबंद चिलीत आहेत, न्यूझीलंडमध्ये आहेत, न्यू गिनीत आहेत, आणि याच कुळाचे जीवाश्म चक्क अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या खडकात सापडलेत. हे सगळे भूभाग एकेकाळी एकत्र होते, गोंडवन म्हणतात त्याला. ते नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. आपला भूखंडही त्याच कुटुंबातला, तो फार लवकर सुटून उत्तरेला सरकला. चंद्रपूर-नागपूरकडच्या कोळशाच्या थरांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या जुन्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, तेच ठसे टास्मानियातही मिळतात. हे मी नातीला सांगत होतो तेव्हा ही खुर्चीतून म्हणाली, "म्हणजे माहेरचंच जंगल की." मी होय म्हटलं.

दुसरं झाड सॅसाफ्रास. खोड राखाडी, पान लांबट, मागून पांढुरकं. राष्ट्रीय उद्यानात पान तोडायचं नसतं, पण वाटेवर पडलेलं उचलून चुरगळलं की मसाल्याचा वास येतो, आणि हातावर बराच वेळ राहतो. हिचं एक बोट अजून नीट वळत नाही, पण अंगठ्याने आणि तळहाताने तिने ते पान चुरगळलं, नाकाशी नेलं आणि नातीच्या नाकाशी धरलं. मग तिसरं लेदरवुड. फेब्रुवारीत ते फुलावर असतं: चार पाकळ्यांची पांढरी फुलं, मध्ये केसर. खाली वाटेवर पाकळ्या पडलेल्या असतात, त्यावरून वर झाड कुठे आहे ते कळतं. टास्मानियाचा लेदरवुडचा मध प्रसिद्ध आहे. आम्ही पुढे बाटली घेतली. चव तीव्र आहे, पहिल्या चमच्याला परकी वाटते, पण पोळीवर तुपाबरोबर उत्तम.

सेलरी-टॉप पाइन दिसलं तर जवळ जाऊन पाहा. पानं म्हणून जे दिसतं ते पान नसतंच, चपटी झालेली फांदी असते. आणि खाली झाडनेचे. तिथले लोक त्यांना मॅनफर्न म्हणतात. काळपट केसाळ खोड माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून मोठं, वर पानांचा घेर. त्यांच्या खोडावरच दुसरी रोपं रुजलेली असतात. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर बरोबर त्या खोडांच्या उंचीवर येते. उभ्याने चालणारे आम्ही वर शेंड्याकडे पाहत होतो. नातीला आणि हिला मात्र कितीतरी गोष्टी आमच्याआधी दिसल्या: खोडाच्या खाचेत साठलेलं पाणी, पारदर्शक म्हणावं इतकं पातळ नेचं, फांदीवर बसलेला गुलाबी छातीचा चिमुकला रॉबिन.

"अहो, थांबवा जरा."

मी ब्रेक लावले. "काय झालं? दमलीस?"

"नाही हो. हात लावायचाय."

वाटेच्या अगदी कडेला एक मर्टल होतं, बुंधा शेवाळाने पूर्ण झाकलेला. मी खुर्ची तिरकी करून जवळ नेली. तिने आधी उजवा हात ठेवला. मग उजव्या हाताने डावा हात उचलला आणि तोही ठेवला. डाव्या हाताला संवेदना कमी आहे. थंड-गरम कळतं, मऊ-खरखरीत तितकंसं नाही. बराच वेळ तशीच बसली. मुलगा फोटो काढायला पुढे आला, तर सूनबाईंनी त्याला खुणेने थांबवलं. मग ती म्हणाली, "डाव्याला गार लागतंय. आत ओलं आहे, ते कळतंय."

फिजिओथेरपिस्ट सांगतात की वेगवेगळे पृष्ठभाग हाताला लावा: टर्किशचा टॉवेल, वाळू, तांदूळ. घरी ते आम्ही रोज करतो, आणि ते कंटाळवाणं काम आहे. इथे ती स्वतःहून एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे न्यायला सांगत होती. वाट झाडांच्या इतक्या जवळून गेली नसती, मध्ये कठडा असता, तर हे घडलं नसतं. म्हणून मला ही वाट मोठी वाटते. जंगलाच्या काठावर बसवून 'बघा' म्हणणं वेगळं, आणि त्याच्या गाभ्यात नेऊन हात लावू देणं वेगळं.

नदीवर येऊ. फ्रँकलिन आणि तिला मिळणारी सरप्राइज, दोन्ही नद्या या वाटेवर दिसतात. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि तरीही स्वच्छ: तळातले गोटे दिसतात, फक्त तांबूस दिसतात. वरच्या पठारांवर बटनग्रास नावाचं गवत आणि खाली कुजकी पानं, यांतून झिरपताना पाण्यात टॅनिन उतरतं. त्याचा हा रंग. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गढूळ वाटतं, पण गाळाचा त्यात कण नसतो. पात्र इथे फार रुंद नाही. आवाज मात्र सतत येतो.

नदीला नाव मिळालं सर जॉन फ्रँकलिन यांचं, 1837 ते 1843 या काळात इथे गव्हर्नर असलेल्या आणि पुढे आर्क्टिकच्या मोहिमेत नाहीशा झालेल्या गृहस्थांचं. 1842 साली ते पत्नी जेन यांच्यासह याच मुलखातून पायी पश्चिम किनाऱ्याकडे निघाले होते. पावसाने आणि चढलेल्या नद्यांनी त्यांना कित्येक दिवस अडवून धरलं. जेनबाईंसाठी मेणा केला होता आणि काही वाट तो कैद्यांनी वाहिला. पुढे 1932 मध्ये लायल हायवे झाला तेव्हा कुठे होबार्टहून गाडीने इकडे येता येऊ लागलं. कैद्यांच्या खांद्यावरचा मेणा आणि आमची दोन चाकं यांच्यामध्ये जे काही झालं, ते सगळं रस्ता बांधणाऱ्यांनी केलं. एका निवृत्त रस्तेवाल्याला हे लिहिताना अभिमान वाटतो.

पण बांधू नये तिथे न बांधणं हेही तेवढंच मोठं काम आहे, आणि फ्रँकलिन त्यासाठीच जगभर माहीत आहे. इथून बरंच खाली, ही नदी गॉर्डनला मिळते त्याच्या पुढे, जलविद्युत मंडळाला धरण बांधायचं होतं. 1978 साली योजना पुढे आली. त्याआधी 1972 मध्ये लेक पेडर नावाचा सरोवराचा सुंदर प्रदेश पाण्याखाली गेला होता आणि ती जखम लोक विसरले नव्हते. बॉब ब्राउन नावाच्या डॉक्टरच्या पुढाकाराने आंदोलन उभं राहिलं. 1981 च्या डिसेंबरात सार्वमत घेतलं, पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच, आणि दोन्ही धरणाचेच. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने 'धरण नको' असं लिहून टाकलं. खालच्या खोऱ्यात कुटिकिना नावाच्या गुहेत हिमयुगातल्या आदिवासी वस्तीच्या खुणा सापडल्या. डिसेंबर 1982 मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला आणि त्याच दिवशी, 14 तारखेला, आंदोलकांनी नदीवर धरणाच्या कामाची अडवणूक सुरू केली. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. शेवटी 1 जुलै 1983 रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिकडे तेच सर्वोच्च न्यायालय) चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला आणि धरण थांबलं.

एका न्यायाधीशाचं मत! मी नदीकाठी उभा राहून हे मुलाकडून पुन्हा नीट ऐकलं. कोयनेच्या विजेवर आमच्या पिढीने अभ्यास केला, आणि कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ती माणसंही आमच्या शाळेत होती. त्यामुळे धरणाबद्दल झटकन बरं-वाईट बोलणं मला जमत नाही. टॅरालिआचे पाइप पाहतानाही मला आदरच वाटला होता. पण वीज दुसरीकडून आणता येते आणि ही नदी आणता येत नाही, हे त्या लोकांनी वेळेवर ओळखलं. फ्रँकलिन सव्वाशे किलोमीटर वाहते आणि तिच्यावर एकही बांध नाही.

आता व्यवहाराचं बोलतो. टास्मानियातल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांसाठी पास लागतो. मोठी सुट्टी असेल तर दोन महिने चालणारा गाडीचा पास घ्या, त्यात आठ माणसांपर्यंत चालतं आणि दर ठिकाणी वेगळं काढायला लागत नाही. प्रसाधनगृह गाडीतळाजवळ आहे, पण खुर्चीवाल्या माणसाला घरच्यासारखी मोकळी जागा हवी असेल तर डर्वेंट ब्रिजलाच उरकून निघणं सोयीचं. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत पोहोचू हे आधी कोणाला तरी कळवून ठेवा. फेब्रुवारीतही स्वेटर आणि पावसाळी जाकीट हवंच. ओल्या दिवसांत जळवा निघतात, आपल्या सह्याद्रीच्या जळवांची सवय असलेल्यांना त्यांचं काही वाटायचं नाही. खुर्चीतल्या माणसाचे पाय मात्र तपासा, कारण संवेदना कमी असेल तर त्याला कळत नाही.

खुर्चीबद्दल जरा विस्ताराने. आम्ही भाड्याने घेतलेल्या खुर्चीची पुढची चाकं अगदी लहान आणि भरीव होती, इस्पितळाच्या फरशीवर चालणारी. दुकानात विचारलं तेव्हा "कुठेही चालते" असं सांगितलं गेलं होतं. दाबलेल्या मुरमावर ती चालली, पण एखादा सुटा गोटा आला की पुढचं चाक आडवं होऊन खुर्ची झटक्याने थांबते आणि बसलेला माणूस पुढे जातो. मोठ्या, हवा भरलेल्या चाकांची खुर्ची मागून घ्या आणि कमरेचा पट्टा लावा. तशी मिळाली नाही तर मागच्या दांडीवर पाय देऊन खुर्ची किंचित मागे कलवायची, पुढची चाकं दोन इंच उचलायची आणि मागच्या मोठ्या चाकांवर तो तुकडा पार करायचा. उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण उताराच्या खालच्या बाजूला राहून, मागे मागे उतरवायची. हे हात बसायला वेळ लागत नाही. ढकलायला दोघं असले तर उत्तम.

याच प्रकारची आणखी एक वाट होबार्टच्या जवळ आहे: माउंट फील्डमधला रसेल फॉल्स. तिथेही खुर्ची धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाते, वाट चांगली आहे, आणि जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी असलेल्या निलगिऱ्या त्याच उद्यानात आहेत. वेळ कमी असेल तर ती करा. पण तिथे वर्दळ असते. लोकांना वाट देण्यात लक्ष जातं आणि धबधबा दिसला की सगळे परत फिरतात. फ्रँकलिनच्या वाटेला असं पोहोचण्याचं ठिकाण नाही, म्हणून कोणाला घाई नसते. माझं झुकतं माप या वाटेला.

शक्य असेल तर पुढे क्वीन्सटाउनपर्यंत जा. गावात शिरताना वळणावळणांच्या रस्त्याने दोन्हीकडे उघडेबोडके, गुलाबी-करडे डोंगर दिसतात. तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, उरलेल्यांना गंधकाच्या धुराने मारलं, आणि मग तोच पाऊस, जो फ्रँकलिनला शेवाळ देतो, त्याने माती धुऊन नेली. भट्ट्या 1969 साली बंद झाल्या तरी डोंगर अजून भरलेले नाहीत. तासाभरापूर्वी हात लावलेलं शेवाळ आणि हे डोंगर एकाच दिवशी पाहायला मिळाले पाहिजेत.

माझ्या मनात मात्र दुसराच रस्ता घोळत होता. कोयनेच्या बाजूला, महाबळेश्वरला, आंबोलीला किलोमीटरभर अशी वाट का होऊ नये? दीड मीटर रुंदी, एकास वीस उतार, दाबलेला मुरूम, दर पन्नास मीटरवर टेकायला बाक, एका अंगाला चर आणि कुठेही पायरी नाही. डांबर नको, सिमेंटचे ठोकळे नकोत, रंगीत कारंजी नकोत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 पासून आहे, खात्याकडे माणसं आहेत, मुरूम तर आपल्या पायाखाली आहे. आपला पाऊस जास्त दांडगा, त्यामुळे दर दसऱ्याला डागडुजी लागेल. ती करायला एक मैलकुली नेमला तरी पुरे. मी एक कच्चा आराखडा काढून ठेवलाय आणि परतल्यावर आमच्या जुन्या कचेरीत घेऊन जाणार आहे. कोणाला त्यात रस असेल तर जरूर सांगा.

वाटेला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. हिने किती द्यायचे विचारलं तर म्हणाली, "परत येताना पुन्हा थांबायचं, एवढं लिहा." आम्ही थांबलोही.

होबार्टहून सकाळी आठच्या आत निघा. संध्याकाळी रस्त्यावर वॉलबी आणि पॅडेमेलन हे कांगारूसारखे लहान प्राणी येतात, त्यामुळे अंधारात गाडी चालवणं टाळावं. भाड्याची गाडी असेल तर रात्री जनावर धडकल्यास विमा चालतो का ते आधी वाचून घ्या. जून-जुलैत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि खिंडीत बर्फ साचतं, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन जायचं तर डिसेंबर ते मार्च बरा. लेदरवुडची फुलं हवी असतील तर जानेवारीच्या मध्यानंतर.